बारशाच्या गाण्याचे संमतिपत्र

के. आर. पुरम, बेंगळुरू
गुरुवार, ६ जून २०२४

चि. सौम्या हिस अनेक आशीर्वाद.

विषय : तुझ्या बारशाच्या पाळण्याची चोरी.

पत्राला विषय घालण्याची सवय कारखान्याच्या सचिव विभागातल्या एकतीस वर्षांनी लावली आहे. तू हसशील, हे धरून चाललो आहे. पण आजचा मजकूर हसण्याचा नाही.

तुला ठाऊक आहे की, बेंगळुरूच्या आसपास तीनशे-चारशे वर्षांपासून राहिलेल्या मराठी घरांतली बायकांची गाणी मी ध्वनिमुद्रित करत आलो. आज ती दोनशे चौदा आहेत. २०१८ पासून ती मी इंटरनेटवर माझ्या चॅनेलवर ठेवली, विनामूल्य, जाहिरातीशिवाय. त्यांतले सर्वांत जुने आणि सर्वाधिक ऐकलेले गाणे तुझ्या आजीने, म्हणजे भाग्यलक्ष्मीअक्कांनी, तुझ्या बारशाला होसकोटेच्या घरी म्हटलेला पाळणा. रविवार, १६ मार्च १९९७. तुझे वडील नागोजीराव आणि मी तेव्हा एकाच विभागात होतो. तुझी अलका काकू पाळण्याजवळ बसली होती आणि मी दाराशी टेपरेकॉर्डर घेऊन.

परवा त्या संकेतस्थळाकडून मला कळवण्यात आले की, हे गाणे माझे नाही. मुलांची गाणी आणि कार्टून विकणाऱ्या बेळ्ळंदूरच्या एका कंपनीने तक्रार केली आहे की, मी त्यांचा पाळणा चोरला. माझे गाणे काढून टाकण्यात आले. मी त्यांचा पाळणा ऐकला. आवाज अक्कांचा आहे. मागे कीबोर्ड घातला आहे, झांजा घातल्या आहेत. पण दुसऱ्या कडव्यानंतर नागोजीराव खोकतात, तो खोकला जसाच्या तसा आहे. तक्रारीत ते पुण्याहून आलेल्या गायिकेचे नवे ध्वनिमुद्रण म्हटले आहे; त्यात होसकोटेच्या नागोजीरावांचा १९९७ सालचा खोकला कुठून आला, हे त्या कंपनीने मला लेखी कळवावे, असे मी त्यांना लेखी विचारले आहे.

त्याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे. 'एकी सौम्या माझी' या ओळीत तुझे नाव कापून तिथे घंटा वाजवली आहे. त्या गाण्यावर लहान मुलांच्या लंगोटांची जाहिरात चालते.

संकेतस्थळाचा नियम असा : दुसरी तक्रार आली आणि टिकली, तर संपूर्ण चॅनेल कायमचे बंद. सारी गाणी लोकांच्या नजरेआड. म्हणून या पहिल्या तक्रारीवर मी हरकत नोंदवली आहे. सोमवार, १५ जुलैपर्यंत पुरावा द्यायचा आहे. नागोजीरावांनी २०१८ मध्ये मुद्रांकावर सही केलेले संमतिपत्र माझ्याजवळ आहेच. मी गाणे घेतले त्या प्रत्येक घराकडून असे पत्र घेतले आहे आणि इतरांनीही हीच शिस्त पाळावी म्हणून त्याचा नमुना चॅनेलवर सर्वांसाठी ठेवला आहे. तरीही संकेतस्थळ गाणाऱ्या व्यक्तीचे निवेदन मागते. मसुदा सोबत जोडला आहे, एकच पान आहे. अक्कांची सही घेऊन स्पीड पोस्टाने पाठव. फोनवर छायाचित्र नको, कागद हवा.

अलकाने तुला मराठी लिहायला शिकवले, त्याचा उपयोग अशा कामी होईल, असे आम्हा दोघांना वाटले नव्हते.

तुझा,
रघुनंदन काका

सोबत : निवेदनाचा मसुदा, दोन प्रती.


बेळ्ळंदूर
१४ जून २०२४

ती. रघुनंदन काका यांस सा. न.

तुमचे पत्र मिळाले. शनिवारी होसकोटेला गेले तेव्हा मसुदा घेऊन गेले. अज्जीला वाचून दाखवला. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी व अपरिवर्तनीयपणे' इथपर्यंत ऐकल्यावर अज्जी म्हणाली, सरी, ठेव तिकडे. म्हणून फ्रिजवर ठेवला आहे. अजून सही नाही झाली.

त्या कंपनीचे गाणे मी आधीच ऐकले होते. ऑफिसात एका मुलीच्या फोनवर. तिचे बाळ ते लावल्याशिवाय झोपत नाही. ती म्हणाली, किती गोड आहे ना. मी हो म्हटले. माझ्या नावाच्या जागी घंटा वाजली तेव्हा मला कसे वाटले, ते मला लिहिता येत नाही. काकूंनी शिकवलेल्या मराठीत तेवढे शब्द नाहीत.

एक विचारायचे होते. तुम्ही ते गाणे चॅनेलवर ठेवले, तेव्हा अज्जीला विचारले होते का? मी कॉलेजात होते, मला आठवत नाही. आमच्या घरात पाळणा ज्याचा त्याचा असतो. अज्जी प्रत्येक मुलाला नवा बांधते, आधी कानात म्हणते, मग मोठ्याने. एकाचा पाळणा दुसऱ्याच्या पाळण्यावर म्हणत नाहीत. माझ्या आतेभावाच्या बाळाला माझा म्हणा, असे सगळे म्हणाले, कारण तो फोनवर होता ना, सगळ्यांना पाठ. अज्जीने नाही म्हटला.

मी तिच्याशी निवांत बोलते. तोवर तुम्ही स्वल्प थांबा. कृपा करून नवीन काही करू नका.

तुमची,
सौम्या


के. आर. पुरम
शुक्रवार, २१ जून २०२४

चि. सौम्या हिस आशीर्वाद.

विषय : (१) कंपनीच्या कार्यालयातील भेट. (२) संपूर्ण पुरावा जाहीर केल्याबाबत.

तुझे पत्र माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम कागद आहे. पाळणा ज्याचा त्याचा असतो, प्रत्येक मुलाला नवा बांधतात, हे तू लिहिलेस. म्हणजे तो परंपरागत नाही. एका व्यक्तीने एका दिवशी रचलेली ती मूळ रचना आहे. नेमका हाच मुद्दा मला हवा होता आणि तो घरच्या माणसाच्या हातचा लेखी मिळाला. त्याची प्रत मी हरकतीला जोडली आहे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर : संमती रीतसर घेतली होती. नागोजीराव घरचे कर्ते. त्यांची सही आहे, दोन साक्षीदार आहेत, तारीख आहे.

बुधवारी त्या कंपनीत गेलो. के. आर. पुरमहून बेळ्ळंदूरला पोचायला दोन तास दहा मिनिटे लागली. तुझ्या इमारतीखालूनही फोन केला. तू कामात असावीस. कंपनीच्या कार्यालयात खुर्च्यांऐवजी रंगीत गाद्या आहेत. एकाही गादीवर छपन्न वर्षांच्या माणसाला बसून पुन्हा उठता येणार नाही. मी उभाच राहिलो. विराज नावाचा, साधारण तुझ्या वयाचा मुलगा बाहेर आला. त्याने आपल्याला मराठी येते असे सांगितले आणि पुढचे सगळे हिंदीत बोलला. मी टेप दाखवली, खोकल्याचा मिनिट-सेकंद दाखवला. तो म्हणाला, “अंकल, ये तो ट्रॅडिशनल है. दादी-नानी का गाना है, किसी एक का थोड़ी होता है.”

मी विचारले, कोणाचेच नसेल तर तुमची तक्रार कशावर? त्याने मला पाणी दिले. मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, आमच्याजवळ कागद आहेत, वकिलांमार्फत पाठवू. मी कागद तिथल्या तिथे मागितला. तो म्हणाला, “अंकल, आप सीरियस बहुत लेते हो.”

सौम्या, मी आयुष्यभर गंभीरपणे घेतलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. त्यांतली ही एक आहे. जी वस्तू सर्वांची म्हणून उचलायची, तीच माझी म्हणून दुसऱ्याच्या हातून काढून घ्यायची. आणि जाब विचारणाऱ्याला पाणी पाजून लिफ्टपर्यंत सोडायचे. याला व्यवसाय म्हणतात आणि त्याला रंगीत गाद्या मिळतात.

त्या संध्याकाळी मी निर्णय घेतला. आजवर चॅनेलवर फक्त चार मिनिटांचा पाळणा होता. मूळ कॅसेट बेचाळीस मिनिटांची आहे. ती मी संपूर्ण, अखंड, एकही सेकंद न कापता चॅनेलवर ठेवली आहे. मागचेपुढचे बोलणे, भांड्यांचे आवाज, शेजारणींची ये-जा, सगळे. आता ही कॅसेट त्या घरात, त्या दिवशी झाली नाही, असे कोणी म्हणूच शकत नाही. दोन दिवसांत अकरा हजार लोकांनी ऐकली. होसकोटेतून बऱ्याच जणांनी लिहिले आहे की, आवाज ओळखले.

अक्कांच्या निवेदनाची वाट पाहतो आहे. फ्रिजवरून काढून सही घ्यावी.

तुझा,
रघुनंदन काका


के. आर. पुरम
सोमवार, १ जुलै २०२४

चि. सौम्या,

विषय : दुसरी तक्रार.

दहा दिवसांत तुझे उत्तर नाही. फोन लागत नाही. दरम्यान जे व्हायला नको होते, ते झाले. शुक्रवारी माझ्या चॅनेलविरुद्ध दुसरी तक्रार आली, बेचाळीस मिनिटांच्या संपूर्ण कॅसेटवर. तक्रारदाराचे नाव त्याच्या विनंतीवरून गुप्त ठेवले आहे.

नाव गुप्त ठेवण्याची ज्याला गरज पडते, तो कोण असेल, हे सांगायला वकील लागत नाही. पुरावा जाहीर झाला म्हणून कंपनीने पुराव्याचाच गळा धरला. तोंड लपवून दगड मारणारी ही माणसे आहेत. चोरी दिवसाढवळ्या केली, निदान तेवढे धैर्य होते. आता तेही उरलेले नाही. दोन्ही तक्रारींचा निकाल १५ जुलैला एकत्र लागेल. दुसरी टिकली, तर आवाज बंद झालेल्या बायकांचे आवाजही बंद होतील. त्या दोनशे चौदांपैकी किमान साठ जणी आज हयात नाहीत.

आता अक्कांच्या सहीवर सगळे अवलंबून आहे. मी आजवर तुझ्यावर कधी दडपण आणले नाही. आज आणतो आहे.

रघुनंदन काका


होसकोटे
शुक्रवार, ५ जुलै २०२४

ती. रघुनंदन काका यांस सा. न.

दुसरी तक्रार मी केली आहे.

पहिलेच वाक्य हे लिहायचे ठरवले होते, नाहीतर तीन पाने फिरून मी ते लिहिलेच नसते. अज्जीच्या वतीने केली, तिला सांगून, तिच्या पायाशी बसून. नाव गुप्त ठेवले, कारण तुम्ही रस्त्यावरून जाताना मला पाहून हसावे, असे मला अजून वाटत होते. दुसऱ्या तक्रारीने चॅनेल बंद होते, हे तुम्ही मला पहिल्याच पत्रात लिहिले होते. मला माहीत होते. तरी केली.

काका, ती कॅसेट तुम्ही पूर्ण ऐकली आहे का? खोकल्याचे मिनिट-सेकंद तुम्हाला पाठ आहेत. एकविसाव्या मिनिटाला काय आहे, ते माहीत आहे का? मी सांगते. शेजारची एक अक्का म्हणते, “परत हुडुगीच की, प्रेमा. तिसरी मुलगी.” दुसरी म्हणते, नागोजीने आता दुसरी बघायला पाहिजे. मग कोणी हसते. मग अम्मा रडते. माझी अम्मा, प्रेमा, जी आजवर कोणासमोर रडलेली मी पाहिली नाही, ती पाव मिनिट रडते आणि कोणी तिला गप्प राहा म्हणते. आणि मग अज्जी गायला लागते.

दाराशी आल्या बाया, मोजती लेकी,
तीन म्हणती, गं बाळे, मी म्हणते एकी;
एकी सौम्या माझी, चंदनाची काठी,
मोजणाऱ्या बोटांना बांधिते मी गाठी.

सत्तावीस वर्षे मला वाटायचे, दाराशी आलेल्या बाया म्हणजे गाण्यातल्या बाया. आता मला त्यांची नावे माहीत आहेत. त्यांतली एक समोरच्या घरात राहते. अम्मा तेरा दिवस दूध घ्यायला बाहेर गेली नाही. होसकोटेतून लोकांनी आवाज ओळखले, असे तुम्ही आनंदाने लिहिलेत. अम्माचे रडणेही ओळखले त्यांनी. बाजारात एकीने तिला विचारले, तेव्हा इतके का रडलीस गं.

तुम्हाला थांबा म्हणून लिहिले होते. माझ्या पत्राची प्रत तुम्ही मला न विचारता हरकतीला जोडली.

आता कंपनीचे. त्यांच्याविरुद्धही आम्ही तक्रार केली. त्यांनी वकिलामार्फत कागद पाठवला. त्यावर अप्पांची सही आहे, मुद्रांकावर, २०२२ ची. मी अप्पांना विचारले, तुम्ही का सही केली. ते म्हणाले, “दोन पोरं मिठाई घेऊन आली. कागद रघुनंदनअण्णांचाच होता की. अक्षर न् अक्षर तेच. मला वाटलं, त्यांचीच माणसं, परत एकदा पाहिजे असेल.”

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी व अपरिवर्तनीयपणे', 'घरातील कर्त्या पुरुषाची संमती सर्व कुटुंबीयांवर बंधनकारक राहील'. नमुना तुमचा, चॅनेलवरून घेतलेला. फक्त तुमचे नाव काढून त्यांचे घातले आहे.

तुम्ही विचाराल की, मग अज्जीचे काय म्हणणे. तिने सांगितले, मी लिहून घेतले. सोबत आहे. एक शब्द बदललेला नाही.

सौम्या


(वरील पत्रासोबतचा कागद)

रघुनंदनअण्णांना भाग्यलक्ष्मीचा नमस्कार.

अलका बरी आहे का. गुडघा कसा आहे तिचा.

तुम्ही बारशाला डबा घेऊन दाराशी बसला होता. मला वाटले, रेडिओ बिघडला, दुरुस्त करताय. बायकांच्यात कशाला बसलात, म्हणून मनात आले, पण अलकाचे यजमान, म्हणून बोलले नाही. नंतर वीस वर्षांनी नागोजी म्हणाला, अम्मा, तुझे गाणे फोनवर येते. मी म्हटले, कोणी दिले. तो म्हणाला, मी.

त्याला कोणी दिले होते? गाणे मी बांधले. पण बारशाला मुलीच्या कानात म्हटले की ते तिचे. मग माझेसुद्धा नाही. मी ते परत कसे घेऊ आणि तुम्हाला कसे लिहून देऊ. तिचे लग्न झाले की ती घेऊन जाईल, तिला वाटले तर तिच्या मुलीला म्हणेल, नाही वाटले तर नाही. ते तिचे ती बघेल.

तुमच्या कागदात कर्ता पुरुष असे आहे. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मेले नव्हते. चार पावले आत यायचे होते.

त्या कंपनीच्या पोरांनी चोरी केली, त्यांना मी ओळखत नाही. तुम्हाला मी ओळखते. म्हणून राग तुमच्यावर जास्त.

सही करणार नाही.


के. आर. पुरम
शुक्रवार, १२ जुलै २०२४

चि. सौम्या हिस,

या पत्राला विषय नाही.

तुझे पत्र सोमवारी आले. मी ते अलकाला वाचून दाखवायला सुरुवात केली आणि अक्कांच्या कागदापाशी आल्यावर तिने तो माझ्या हातून घेतला आणि स्वतः वाचला. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “मी पाळण्याजवळच बसले होते. मला तरी कधी विचारलंत, काय चाललं होतं तिथं?” मग ती प्रेमाला फोन करायला आत गेली. दीड तास बोलत होत्या. मला काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी कॅसेट पूर्ण ऐकली. मी ती आजवर पूर्ण ऐकली नव्हती. ज्या कॅसेटसाठी मी महिनाभर जगाशी भांडलो, तिचे सोळावे ते एकविसावे मिनिट हा भाग मी नेहमी पुढे पळवत असे. त्यात 'गाणे नाही', म्हणून. ती त्याच रात्री चॅनेलवरून काढली. अकरा हजारांचे आता सदतीस हजार झाले होते. ते मला परत घेता येत नाहीत. प्रेमाची क्षमा मागण्याचा अधिकार तिने दिला तर मागेन. या पत्रात मागून मोकळा होणार नाही.

मंगळवारी मी सर्व संमतिपत्रे कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. दोनशे चौदा. गाणाऱ्या सर्व स्त्रिया. सही करणारे दोनशे नऊ पुरुष. उरलेल्या पाच सह्या स्त्रियांच्या आहेत, कारण त्या पाच घरांत पुरुष नव्हता. मी इतकी वर्षे या कागदांचा अभिमान बाळगला. साक्षीदार आहेत, मुद्रांक आहे, तारीख आहे. ज्या बाईचा आवाज आहे, तिचे नाव गाणारी म्हणून त्या कागदावर एकदाही नाही. मीच आखलेल्या नमुन्यात ते लिहायला जागाच नव्हती.

बुधवारी कॉपीराइट कायद्याचे पुस्तक पुन्हा काढले. कलम तेरा, पोटकलम तीन. मूळ रचनेच्या हक्काचा भंग करून केलेल्या ध्वनिमुद्रणात हक्क उत्पन्नच होत नाही. हे कलम मी कंपनीविरुद्ध लाल पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवले होते. ते माझ्याविरुद्धही तितकेच लागू आहे, ही गोष्ट मला दिसली नाही, कारण मी ते कंपनीविरुद्ध वाचत होतो.

माझा संताप कमी झालेला नाही. तो योग्य पत्त्यावर पोचला आहे. त्यातला कंपनीचा वाटा मी सोडणार नाही. काल त्यांच्या वकिलाचे उत्तर माझ्याही हाती आले. त्यात लिहिले आहे : 'कर्त्या पुरुषाची संमती सर्व कुटुंबीयांवर बंधनकारक आहे'. माझे वाक्य. विराजला त्याचा अर्थही माहीत नसेल. पण मी ते लिहिले, तेव्हा मला माहीत होता आणि मला ते वाक्य सुबक वाटले होते.

म्हणून मी पुढील गोष्टी केल्या आहेत.

काल नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केले. त्यात म्हटले आहे की, २०१८ चे संमतिपत्र मी तयार केले. ते रचनाकर्तीला आणि जिच्यासाठी रचना झाली तिला न विचारता घेतले. सही करणाऱ्याला ती देण्याचा अधिकार नव्हता. म्हणून ते सुरुवातीपासून निरर्थक आहे. आणि २०२२ चे कंपनीचे पत्र शब्दशः त्याचीच नक्कल असल्याने तेही तितकेच निरर्थक आहे. मूळ प्रत तुला पाठवतो आहे. तुमच्या कंपनीविरुद्धच्या तक्रारीला जोड. कंपनीला यापुढे माझ्या कागदाच्या आड उभे राहता येणार नाही.

माझी हरकत मी मागे घेतली. तुझ्या तक्रारीला मी उत्तर दिलेले नाही आणि देणार नाही. त्यामुळे ती टिकेल आणि सोमवारी चॅनेल बंद होईल. तू ती मागे घ्यायला निघाली असशील, तर घेऊ नकोस. तक्रार खरी आहे. खरी तक्रार माझ्यासारख्या माणसाच्या भिडेखातर मागे घेतली जाते, म्हणूनच नमुने वर्षानुवर्षे चालतात.

कॅसेटी घरात आहेत. ज्या बायका हयात आहेत त्यांच्याकडे मी जाईन, एकेकीकडे, आणि कागद न नेता विचारेन. हयात नाहीत त्यांच्या लेकींना विचारेन. किती वर्षे लागतील, हे काढले नाही.

पहिली तू. तुझ्या बारशाची कॅसेट तुझी आहे. ती नष्ट करू, तुला देऊ की माझ्याकडे बंद ठेवू, हे तू सांगावेस. तुझे वडील नव्हे. शक्य असेल तर अक्कांनाही माझ्या वतीने एक गोष्ट विचार : तो पाळणा पुन्हा कधी, कुठेही, कोणालाही ऐकू जावा, अशी त्यांची इच्छा आहे का? उत्तर एका शब्दात आले तरी चालेल.

रघुनंदन


होसकोटे
शनिवार, २० जुलै २०२४

ती. रघुनंदन काका यांस सा. न.

कंपनीने परवा पाळणा काढला. माफी वगैरे काही नाही, नुसता काढला. ऑफिसातल्या त्या मुलीने विचारले, ते गाणे कुठे गेले गं, बाळ झोपेना. मी म्हटले, तुझ्या बाळाला तू एक बांध. ती म्हणाली, मला कुठे येते. मी म्हटले, अज्जीला पण येत नव्हते पहिल्यांदा.

तुमचे चॅनेल सोमवारी संध्याकाळी बंद झालेले मी पाहिले. मला आनंद नाही झाला. तक्रार मागे घेणार नव्हतेच. तुम्ही लिहिले म्हणून नाही, माझे मी ठरवले होते.

अज्जीला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. एका शब्दात उत्तर दिले : नाही.

थोड्या वेळाने म्हणाली, विचारले बरे झाले, आधी कोणी विचारले नव्हते, म्हणून नाही म्हणायलासुद्धा मिळाले नव्हते.

अप्पा तुमच्याशी बोलायला लाजतात. त्यांना तुम्हीच फोन करा. कागदाबद्दल नको, दुसऱ्या कशाबद्दल करा.

कॅसेट नष्ट करू नका. पोस्टानेही पाठवू नका. अम्मा म्हणाली, माझे रडणे सगळ्या गावाने ऐकले, मीच ऐकले नाही. तिला एकविसावे मिनिट ऐकायचे आहे आणि त्याच्या पुढचे पण. आमच्या घरी मशीन नाही. पुढच्या रविवारी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घेऊन या. अलका काकूंना आणा. त्या आत बसतील, आम्ही चौघी, दार लावून. तुम्ही आणि अप्पा बाहेर बसा.

संपले की हाक मारते. जेवूनच जायचे आहे.

सौम्या